बाईंचं इश्यू रजिस्टर

बाईंना खुर्चीवर बसलेलं मी नऊ वर्षांत एकदाच पाहिलं. ते कधी, ते सांगेनच. बाकी सगळा काळ ती खुर्ची त्यांच्या पिशवीनं वापरली. काउंटरच्या मागं हात असलेली चांगली वेताची खुर्ची, कॉलेजनं ग्रंथपाल म्हणून त्यांना दिलेली, आणि तिच्यावर कोण बसलंय तर कापडी पिशवी, छत्री आणि तारखेचा शिक्का. बाई आपल्या फिरतीवर. कपाटांच्या रांगांमधून त्यांच्या रबरी चपलांचा फटक-फटक आवाज सकाळी साडेदहाला सुरू व्हायचा, तो साडेपाचला थांबायचा. जेवायच्यासुद्धा फिरत. भाकरीत ठेचा घालून गुंडाळी करायची आणि दोन घास इतिहासापाशी, दोन घास वाणिज्यापाशी. "बाई, जरा टेका की," असं नवीन कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसली की मले मुंग्या येतात."

अमरावतीच्या त्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, ही बाई मला वेड लावणार. मी मूळची अकोल्याची. डोकं गरम, तोंड त्याहून गरम. कोणी सारखं मागून-पुढून फिरत राहिलं की माझ्या हातातली कामं सुटतात. एकदा चिडून मी म्हटलं, "बाई, तुमच्यापायी मला भोवळ येते." बाई थांबल्याच नाहीत. दोन कपाटं पुढं गेल्यावर तिकडून आवाज आला, "मंग तू बस. खुर्ची खालीच आहे."

पण त्यांचं खरं भांडण एका इंग्रजी शब्दाशी होतं. इश्यू.

ग्रंथालयात हा शब्द पाण्यासारखा लागतो. पुस्तक दिलं की इश्यू, नोंद केली ती इश्यूची, काउंटर इश्यूचा. बाईंच्या मते त्याचा अर्थ एवढाच. "घरातून कोनी बाहेर निघालं, नाव लिवलं, तारीख टाकली, झालं इश्यू." पण काउंटरच्या पलीकडं उभे राहणारे पोट्टे या शब्दाला कुठं कुठं राबवायचे! नेटवर्कचा इश्यू. पोटाचा इश्यू. गेटवर दोघांची मारामारी झाली, तोही इश्यू. मासिकाचा नवा अंक आला का, हे विचारायला "नवा इश्यू आला का". रागावू नका म्हणायला "इश्यू करू नका". बाईंच्या जाडजूड रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर लाल शाईनं याची यादी होती. तारीख, कोण बोललं, कशासाठी बोललं. नवीन अर्थ सापडला की बाई फिरता फिरता वळून यायच्या, उभ्यानंच लिहायच्या आणि मला म्हणायच्या, "बिचारा एक शब्द, किती घरची धुनीभांडी करून राहिला पाह्य."

एक दिवस बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा आला. हातात गिला वड्याचा कागद, बोटं दह्यानं भरलेली. म्हणाला, "मॅडम, कार्डाचा काहीतरी इश्यू आहे म्हणून पुस्तक इश्यू होत नाही म्हणतात, पण नो इश्यू, मी उद्या येतो." बाई भूगोलाच्या रांगेतून तीरासारख्या आल्या.

"पुन्हा म्हन."

त्यानं पुन्हा म्हटलं. आधी होता त्यापेक्षा बारीक आवाजात.

"आता तो शब्द न घेता म्हन."

बिचाऱ्यानं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, कार्ड बिघडलं. पुस्तक भेटत नाही. काही... काही हरकत नाही. उद्या येतो."

"असं. आता जीभ सुटली तुही. जाय, पहिले हात धू, मंग दहा पुस्तकं जागेवर लाव."

ही त्यांची शिक्षा. 'नो इश्यू' म्हटलं की परत आलेली दहा पुस्तकं आपापल्या कपाटात लावायची. सगळ्यांत जास्त कोणी लावली असतील? मी. माझ्या तोंडात ते दोन शब्द श्वासासारखे होते. उशीर झाला, नो इश्यू. चहा सांडला, नो इश्यू. घरमालक पाणी सोडत नाही, नो इश्यू. माझं लग्न मोडलं तेव्हाही मी लोकांना तेच सांगत फिरले होते. त्या शब्दांपायी अर्धं ग्रंथालय मी माझ्या हातानं लावलंय.

आणखी एक गोष्ट सांगते, तेव्हा आम्ही सगळ्या फार हसलो होतो. कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला बाई पुढं झाल्या, तर एका पाहुण्या बाईनं त्यांचा हात धरून, आवाज उगाच मऊ करून विचारलं, "तुम्हाला काही इश्यू नाही ना हो?" म्हणजे मूलबाळ. आपल्याकडं बरे शिकलेले लोक मूलबाळ सरळ विचारत नाहीत, इंग्रजीत विचारतात, म्हणजे लागत नाही असा त्यांचा समज. त्या पाहुणीचा काय हेतू होता, देव जाणे. मला तर तिच्या झिंज्या उपटाव्या वाटल्या.

बाई म्हणाल्या, "कावून नाई? आज त्रेसष्ट केले. एक परत नाही आलं."

काय हशा पिकला! पाहुणीचं तोंड एवढंएवढं झालं. मी तर पोट धरून हसले. बाई ओटीतले तांदूळ नीट करत होत्या. त्या हसल्या होत्या का, हे मला आज आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच चुटपुट लागते.

त्यांचा एक नियम मात्र चेष्टेचा नव्हता. ग्रंथालयात संगणक आला, बारकोड आला, तरी बाईंचं कागदी रजिस्टर चालूच. का, तर संगणकात खोडता येतं. एकदा एका पोरीला दिलेलं पुस्तक हरवलं, तिनं नवीन आणून दिलं, आणि मी शहाणपणा करून जुनी नोंदच संगणकातून उडवली. हिशेबात घोळ नको म्हणून. बाईंना कळलं. आवाज चढवला नाही, पण रंग उतरला त्यांचा.

"तू नोंद खोडली?"

"बाई, ते पुस्तकच आता नाही ना. कशाला ठेवायची?"

"नाई तं नाई. गेलं होतं की नाही इथून? त्या पोरीच्या हातात होतं की नाही? मंग? हरवलं तं शेऱ्यात हरवलं लिव. फाटलं तं फाटलं लिव. इश्यूची नोंद खोडाची नसते, समजलं का तुले? कधीच नाई."

मी मनात म्हटलं, एका पुस्तकासाठी एवढं? घरी जाताना राजापेठेपर्यंत मी एकटीच बडबडत गेले.

आता माझं सांगते. माझी फारकत झाली तेव्हा आरोही तीन वर्षांची होती. अमरावतीत एकटीनं नोकरी आणि पोरगी जमेना, म्हणून ती अकोल्याला माझ्या आईजवळ, भावाच्या घरी. मी दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडीनं जायचे, रविवारी परत. चार वर्षं असं चाललं. मग आईनं सुरू केलं, दुसरं लग्न कर. मी नाही म्हणत होते, मग काही म्हणेनाशी झाले. एकटेपणाला मी भीत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं होतं ते. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडताना आत कोणीही नसतं, ते मला भिववायचं.

भाऊ कुठल्या तरी विवाह मंडळाचा फॉर्म मोबाईलवर भरत होता. काउंटरवर परीक्षेच्या दिवसांची गर्दी, माझ्यासमोर वीस हात, आणि याचा फोन.

"ताई, तब्येतीचं काही नाही लिहिलं. कोर्टाचं झालं, तेही लिहिलं. आता इथे इश्यू म्हणून विचारलंय. काय लिहू?"

"कसला इश्यू? काही इश्यू नाही माझा. लिही, नो इश्यू. ठेव आता."

ठेवला. मागून फटक-फटक आवाज आला आणि बाईंनी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग माझ्याकडं सरकवला. "दहा." मी करवादत दहा पुस्तकं लावली. त्या दिवशी काय झालं, ते ना मला कळलं, ना भावाला. त्यालाही इश्यू म्हणजे भानगड एवढंच माहीत. बाईंना माहीत होतं त्या शब्दाचं सगळं, पण त्यांनी माझं बोलणं तेवढंच ऐकलं होतं.

दोन आठवड्यांनी आईचा फोन. इतक्या आनंदात मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. स्थळ आलं होतं. अकोल्याचाच, पाटबंधारे खात्यात, चाळिशीचा, त्याचीही फारकत झालेली. शांत, निर्व्यसनी. "तुहा कागद पाहून त्याच्या मायनं लगेच हाव म्हनलं. म्हने, आमाले अशीच पायजे होती, मागचं काही लफडं नसलेली. मूलबाळ नसलेली."

"काय नसलेली?"

मग फॉर्म मागवला, पाहिला. मुलीच्या नावापुढं माझं नाव. शिक्षण, उंची, नोकरी. आणि त्याखाली इंग्रजीत, भावानं माझ्या शब्दाबरहुकूम भरलेलं: इश्यू, नो इश्यू. माझ्या तोंडचं. माझी सात वर्षांची धडधाकट पोरगी, जिचा पुढचा दात नुकताच पडला होता, ती त्या कागदावर नव्हतीच.

"आई, आत्ताच्या आत्ता त्यांना फोन कर."

आई हळूच म्हणाली, "चूक झाली खरी. पन झाली तं झाली. पोरगी माह्याजवळच तं आहे. लग्न होऊन जाऊ दे, वर्षभर जाऊ दे, मंग हळूहळू सांगू. मानूस चांगला आहे, बापा. पुन्हा पुन्हा नाई येत असे."

मी काय केलं? काही नाही केलं. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण खरं ते लिहिते. आठ दिवस मी काहीच केलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज दुपारी वाटायचं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी कुलूप उघडलं की वाटायचं, उद्या. जेवण जाईना. बाईंसारखीच मीही खोलीत येरझाऱ्या घालायला लागले.

शनिवारी अकोल्याला गेले. पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते. आई आणि भावजय स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, आरोहीला त्या दिवशी भावजयीच्या माहेरी, हिवरखेडला पाठवायचं. मी आरोहीची वेणी घालत होते. ती आरशातून माझ्याकडं पाहत होती. एकदम म्हणाली, "आई, मले हिवरखेडले नको पाठवू. मी इथंच राहते. ते आल्यावर मी तुले मावशी म्हणू का?"

माझ्या हातातून वेणी सुटली.

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपलं ऐकून ऐकून, स्वतःच्या डोक्यानं, माझी अडचण सोडवली होती. आणि चेहरा असा, की बघ मी किती शहाणी. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "अर्धीच राहिली न वेणी."

सोमवारी काउंटरवर मी मराठीचं पुस्तक कॉमर्सच्या पोराला दिलं, त्याचं एका पोरीला दिलं, आणि तारखेचा शिक्का स्वतःच्या तळहातावर मारला. बाई तीनदा माझ्या मागून गेल्या. चौथ्यांदा थांबल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चालता चालता कारणाशिवाय थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"काय झालं व माय तुले?"

मी सगळं सांगितलं. भावाचा फोन, नो इश्यू, स्थळ, आई, मावशी. सांगताना मला वाटत होतं, आता ही बाई मला फाडून खाणार. ज्या शब्दापायी तिनं मला शेकडो पुस्तकं लावायला लावली, त्याच शब्दानं मी पोरगी घालवली. पण बाईंनी मोबाईलवरचा फॉर्म चष्मा वर करून पाहिला. मग म्हणाल्या, "चाल," आणि कपाटांच्या रांगांमध्ये चालायला लागल्या. मी मागं.

चालता चालताच बोलल्या. माझ्याकडं न पाहता.

"मले झाली होती एक. अचलपूरच्या दवाखान्यात. अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी बारसं होतं, पाळना आनून ठेवला होता." फटक-फटक. "पुढच्या वर्षी मी इथं नोकरीले लागली. बाबूनं सेवापुस्तक उघडलं. नाव, गाव, शिक्षन विचारलं. मंग म्हने, इश्यू? मले इंग्रजी येत होतं, बरं का. सारं समजत होतं. मी म्हनलं, नाई. नवी नोकरी, नवा साहेब, कोन रडत बसते तिथं? त्यानं लिवलं, निल."

त्या रांगेच्या टोकाला गेल्या, वळल्या.

"माह्याच तोंडानं म्हनलं. कोन्या बाबूनं नाई खोडली तिले, मीनंच खोडली. आमचे हे होते तवा ठीक होतं, दोघांले माहीत होतं. आता हे गेले. आता ती होती म्हनून कोनाले माहीत आहे? मले. अन् आजपासून तुले." मग एकदम माझ्यावर वळल्या, बोट रोखून. "माही तं नाई राहिली. तुही जिती आहे. दात पडून राहिले तिचे. जितं लेकरू खोडतं तू?"

त्रेसष्ट केले, एक परत नाही आलं. मला ते तिथं, त्या दोन कपाटांमध्ये आठवलं. पोट धरून हसले होते मी. मला हुंदका आवरेना. बाई म्हणाल्या, "रडू नको, पुस्तकं भिजतीन. फोन काढ."

आईला नाही, भावाला नाही. सरळ त्या माणसालाच लिहिलं. बायोडेटात त्याचा नंबर होता. मला सात वर्षांची मुलगी आहे. नाव आरोही. ती माझ्याजवळच राहील. फॉर्ममध्ये चुकीचं लिहिलं गेलं, माफ करा. पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. आणि उत्तर आलं.

नो इश्यू.

बस, एवढंच. मी बाईंकडं पाहिलं, बाईंनी माझ्याकडं. आता याचा अर्थ काय? काही हरकत नाही, असं म्हणतोय? म्हणजे माणूस देवच निघाला की! का, फॉर्ममध्ये तर नो इश्यू होतं, असं सुनावतोय? मी मोबाईल तिरपा करून पाहिला, जसं काही तिरपा केल्यावर दुसरा अर्थ दिसणार होता. अर्धा तास मी जळत्या तव्यावर उभी असल्यासारखी होते. बाईंच्याही फेऱ्यांचा वेग वाढला. दोघी विरुद्ध दिशेनं फिरत होतो आणि दर फेरीला मधल्या रांगेत एकमेकींसमोर येत होतो.

"त्यानं हरकत नाही म्हटलं असेल ना बाई?"

"असन."

पुढच्या फेरीला: "का टोमणा मारला?"

"असन."

तिसऱ्या फेरीला बाई भडकल्या. "अवं, आग लागो त्या शब्दाले! फोन लाव अन् त्याले म्हन, बाप्पा, मराठीत बोल."

लावला. माणूस खरंच शांत होता. म्हणाला, "अहो, मी विचारलं होतं. नो इश्यू, आणि पुढं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह राहिलं वाटते माझं." मग म्हणाला, "फॉर्मवर तसं होतं ना, म्हणून विचारलं. मले वैयक्तिक काही नाही. पण आई... आईशी बोलून सांगतो." त्याच्या आवाजातच मला कळलं. दोन दिवसांनी त्याच्या आईचा माझ्या आईला फोन गेला, की योग नाही.

वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. दोन रात्री झोप नाही. त्या माणसाचा आवाज चांगला होता, आणि माझ्या मनानं त्या खोलीच्या कुलपाची दुसरी किल्ली त्याला देऊनसुद्धा टाकली होती. आई माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. पण त्या शनिवारी मी भावाच्या हातून मोबाईल घेतला, फॉर्म उघडला, आणि त्या रकान्यात स्वतः भरलं: एक. पुढं नाव. आरोही शेजारी बसून होती. म्हणाली, "माझं नाव कावून टाकलं?" मी म्हटलं, "तू आहेस म्हणून." जूनमध्ये मी तिला अमरावतीला घेऊन आले. कॉलेज सुटेपर्यंत शाळेतून येऊन ती ग्रंथालयात बसायची. म्हणजे बसायची कसली, बाईंच्या मागं फिरायची. दोन चपलांचे आवाज, एक फटक-फटक आणि एक चुटक-चुटक. माझ्या डोक्याला आता दुप्पट भोवळ.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. पेन्शनचे कागद करायचे होते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "आज कार्यालयात जाचं आहे. तू येजो माह्यासंगं." पिशवीतून एक कागद काढून पुन्हा आत ठेवला.

कार्यालयातला बाबू तिशीचा, चांगला पोरगा होता, याच कॉलेजात शिकलेला. बाईंची दहा पुस्तकांची शिक्षा त्यानंही भोगलेली. त्यानं सेवापुस्तक काढलं. पानं पिवळी पडलेली. बाईंनी बरोबर ते पान उघडलं आणि बोट ठेवलं. "हे चुकलं आहे. दुरुस्त कराचं आहे."

त्यानं वाचलं. "इश्यू, निल. बरोबर आहे ना, बाई?"

"नाई. एक झाली होती."

त्याला कळायला वेळ लागला. मग तो ओशाळला. खरंच ओशाळला. म्हणाला, "बाई, पण... हयात नसेल तर पेन्शनले काही फरक पडत नाही. उगाच कागदपत्रं लागतील. राहू द्या ना. नो इश्यू."

मी डोळे मिटले. पण बाई भडकल्या नाहीत.

"एक इश्यू आहे," एवढंच म्हणाल्या, आणि तो कागद टेबलावर ठेवला. अचलपूरच्या दवाखान्याची जुनी चिठ्ठी. घडीवर फाटलेली, आणि फाटली तिथं तिथं पारदर्शक पट्टीनं चिकटवलेली. आम्ही पुस्तकांचे कणे दुरुस्त करतो ना, अगदी तशी, एक सुरकुती न पडू देता. जन्माची तारीख, वजन, स्त्री अपत्य. नावाच्या जागी फक्त आईचं नाव आणि पुढं 'यांचे बाळ'.

पोरानं चिठ्ठी दोन्ही हातांनी धरून वाचली. मग पेन उघडलं. "साहेबांची सही घेतो मी. नाव काय लिहू, बाई?"



मुखोद्गत असायची त्यांना पुस्तकांची नावं. कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, कितवं. त्या बाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या ह्यायले अर्चना पायजे होतं. मले सरिता. अकरा दिवस भांडलो आम्ही. ठरलंच नाई."

"बाई, एकच लिहा लागते," बाबू हळूच म्हणाला.

तेव्हा त्या बसल्या. समोरची पत्र्याची खुर्ची ओढली आणि बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्याचा माथा वरून पाहिला. केस किती विरळ झाले होते. कार्यालयातला पंखा, बाहेर पोट्ट्यांचा गलका, सगळं चालू होतं आणि बाई बसून होत्या.

"अर्चना लिवा," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यायचंच राहू द्या. मानूस काही मागत नव्हता कधी."

त्यानं लिहिलं. निल या शब्दावर रेघ मारायला त्यानं पेन टेकवलं, तर बाईंनी त्याचा हात धरला. "खोडू नको. ते मीनं म्हनलं होतं, ते बी राहू दे. खाली लिव."

त्यानं खाली लिहिलं. एक. अर्चना. आणि शेऱ्यात, त्याला लिहावंच लागणार होतं ते. बाईंनी ते वाचलं, मान हलवली, चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली, आणि उठल्या.

बाहेर आल्या त्या सरळ चालायलाच लागल्या. तोच वेग. मी मागून जवळजवळ पळत. ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी मागं न वळता त्यांनी विचारलं, "सुट्टीच्या पयले किती इश्यू झाले होते आज?"

"चाळीस, बाई."

"एक्केचाळीस लिव."

मी आत गेले, रजिस्टर उघडलं आणि एक्केचाळीस लिहिलं.